टेकायची जागा

सोलापूर
५ जानेवारी १९७८

वन्सं,

सोजराचा नमस्कार. दाजींनाही.

हे पत्र दाजी तुम्हाला वाचून दाखवतील हे मला माहीत आहे, म्हणून आधी त्यांनाच सांगते. दाजी, मधलं काही गाळू नका. मागच्या खेपेला, आमचं बोलणं होतं तेव्हा, तुम्ही गाळलं होतं, ते वन्संच्या उत्तरावरून मला कळलं. केमच्या स्टेशनात तुमचं आयुष्य सांधे बदलण्यात गेलं. गाडी या रुळावरून त्या रुळावर घेणं तुमच्या हाताला सोपं जातं. हे पत्र मात्र सरळ जाऊ द्या.

वन्सं, आपण बोलत नाही त्याला सव्वा वर्ष होऊन गेलं. मी हे समेटासाठी लिहीत नाही. संक्रांतीपासून इथल्या वाचनालयाच्या हॉलमध्ये आमच्या वर्गातल्या बायकांची चित्रं लागणार आहेत, महिनाभर. त्यात एक माझं आहे आणि ते तुमच्या भावाचं आहे. तुमच्या माहेरची, मंद्रूपची माणसं इथं बाजाराला येतात. कुणीतरी बघेल आणि तिखटमीठ लावून तुमच्या कानावर घालेल. त्यापेक्षा मीच सांगते.

चित्राचा वर्ग म्हटल्यावर तुम्ही कपाळाला हात लावला असेल. या वयात, आणि कपाळ मोकळं असताना. आमच्या चाळीमागं मुलींची शाळा आहे. दुपारी तिची वरची खोली रिकामी असते. तिथं महादेवप्पा म्हणून ड्रॉइंगचे एक जुने मास्तर बायकांना शिकवतात. अक्कलकोटकडचे आहेत. मराठी बोलतात ती कानडीच्या चालीवर. वर्गात येतात त्या बहुतेक नोकरदारांच्या घरच्या. हातावर पोट असलेल्या दोघीच, मी आणि शेजारची पार्वतम्मा. ती विड्या वळते, मी अजून चादरींच्या दशांना गाठी मारते. तिनंच मला ओढून नेलं. म्हणाली, "गाठी मारता मारता तू हवेत बघत बसती. तितं चल, कागदात बघ."

आधी बरेच दिवस आम्ही सुरई आणि द्राक्षं काढली. पुस्तकात होती तशी. माझी सुरई चांगली यायची. एक दिवस सरांनी माझा कागद उचलून खिडकीशी धरला.

"सोजरबाई, ही सुरई कुणाच्या घरातली हो?"

"पुस्तकातली."

"मग ती पुस्तकात राहू दे की. तुमच्या घरात काय आहे?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे किती?" ते म्हणाले. "बघून या जावा."

बायका हसल्या. मला राग आला. घरी गेले ती रागातच. एक खोली, वन्सं, तुम्हाला ठाऊक आहे. चूल, फळी, गोधड्या, कोपऱ्यात चादरींचा गठ्ठा. आणि गठ्ठ्याच्या मागं, दारातून आत आलं की डाव्या हाताला, तुम्ही दिलेला पांढरा चुना. सर विचारत होते ते 'काही नाही' तिथं होतं.

दाजींना तुम्ही ती गोष्ट कशी सांगितलीत मला ठाऊक नाही, म्हणून माझ्या बाजूनं एकदा लिहिते. हे गिरणीतून आले की त्या भिंतीला टेकून बसायचे. पिंजणखात्यातून सुटलेला माणूस. भुवयांवरसुद्धा कापूस. चहा होईपर्यंत बोलायचे नाहीत. डोक्याला करडईचं तेल लावायची त्यांची मंद्रूपची सवय शहरात येऊनही गेली नाही. अठरा वर्षं एका जागी डोकं टेकलं तर भिंतीवर डाग पडणारच. मध्ये काळपट आणि चकचकीत, कडेनं पसरत गेलेला. ते असताना त्या डागावरून मी त्यांना बोलले आहे. "भिंतीला पाजता तेवढं तेल भाजीला पुरलं असतं," म्हणायचे. ते डोकं न उचलता हसायचे.

मग छातीनं गेले. डाग राहिला. वर्षश्राद्ध झालं, दिवाळी आली, तुम्ही आलात. मी मंगळवार बाजारातून भाजी घेऊन आले तर तुम्ही चुना कालवून सगळी भिंत सारवून घेतली होती आणि हात धूत होतात. मी म्हणाले, "वन्सं, तुम्ही त्यांना दुसऱ्यांदा नेलंत." तुम्ही म्हणालात, "भिताड हाय ते, मानूस न्हाय." न जेवता तुम्ही संध्याकाळची गाडी धरलीत. मी बोलले ते बोलले. आजही तेच म्हणेन.

तर तो डाग मी कागदावर काढला आहे. जुन्या कॅलेंडरांच्या कोऱ्या पाठी खळीनं एकमेकींना चिकटवल्या, माणसाएवढा कागद केला. भिंतीसाठी चुना आणि गेरू. डागासाठी काजळी आणि तेच तेल. सर म्हणाले, "तेल म्हणजे कागदाचा शत्रू हो." मी म्हटलं, भिंतीचाही होता. मग म्हणाले, "मध्ये माणूस काढा की बसलेला. नुसता डाग कोण बघेल?"

"माणूस नाही, सर. म्हणून तर काढतेय."

त्यांनी चष्मा पुसून कागद पुन्हा जवळून बघितला. मग म्हणाले, लावू या.

वरती त्यांच्या टोपीचा खिळा आहे, तोही काढला आहे. बाकी काही नाही. डाग जमिनीपासून भिंतीवर होता तेवढ्याच उंचीवर यावा असा कागद लावायचा, हे मी सरांना सांगून ठेवलं आहे.

एवढंच कळवायचं होतं.

सोजरा


सोलापूर
२० जानेवारी १९७८

वन्सं,

कार्ड पोचलं. अक्षर दाजींचं, बोल तुमचे. बोल ओळखायला मला अक्षर लागत नाही.

तुम्ही म्हणता, मी तुमच्या भावाचा मळ चव्हाट्यावर टांगला. मळ हा शब्द बरोबर आहे. मी तो बदलणार नाही. पण तो काय खाऊन-पिऊन लोळणाऱ्याचा मळ होता का? तो कापूस लोकांच्या गाद्यांत गेला, चादरींत गेला, आणि उरला तो त्यांच्या छातीत आणि आमच्या भिंतीवर. छातीतला दाखवता येत नाही. भिंतीवरचा मी दाखवते. लाज वाटायची असेल तर ती मला वाटायला नको.

तुम्हाला कुणी सांगितलं तेही कळलं. होटगीकडची विठाबाई, मंद्रूपच्या पाव्हण्यांतली. ती आली होती. चित्रासमोर उभी राहून म्हणाली, "चित्तर कुटं हाय? ही तर भिताड हाय." सांगून टाकते, तसं म्हणणारी ती एकटी नाही. पुरुष बहुतेक तसंच म्हणतात आणि पुढं जातात. एकानं विचारलं, कागदाला ओल लागली का.

बायका मात्र थांबतात. पद्मशाली विणकरांतली एक म्हातारी आली होती, काठी टेकत. तिला मराठी येत नाही. कागदापुढं उभी राहून ती तेलुगूत काहीतरी पुटपुटली आणि आपल्या गुडघ्यापाशी हात नेऊन दाखवला. पार्वतम्मानं मला सांगितलं, "ती म्हनते तिच्या घरी पन हाय. पन खाली हाय. तिचा मालक कुशीवर झोपून विडी वडायचा." मग म्हातारीनं माझ्या गालावरून हात फिरवला आणि गेली. मी तिचं नावही विचारलं नाही.

पार्वतम्माचं चित्र तुम्ही बघायला हवं. विडीचं पान पत्र्याच्या मापानं कापतात, मग मधला चौकोन जातो विडीला आणि उरते ती चौकट, तीत एक भोक. ती ढिगानं चुलीत जाते. पार्वतम्मानं तसल्या चौकटी कागदावर एकीला एक लावून चिकटवल्या. सगळा कागद भोकांचा. सर म्हणाले, "हे काय काढलंत हो?" ती म्हणाली, "विड्या. त्या गेल्या." वर्गातल्या एका बाईनं नाक मुरडलं, म्हणाली हा काय कचरा. पार्वतम्मानं तिला विचारलं, "तुमच्या द्राक्षाची बी कुटं पडली ओ?" ती बाई अजून तिच्याशी बोलत नाही.

मी या वर्गात काय शिकले, असं कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. रेघ सरळ येते, ते एक. पण आता चहाचा कप उचलला की खाली फळीवर ओलं कडं उरतं, ते मी पुसायच्या आधी बघते. दशांना गाठी मारताना तुटलेले धागे मांडीवर पडतात, त्यांचे रंग बघते. पूर्वी मला वाटायचं, चित्र म्हणजे आपल्याकडे नसतं ते. राजवाडा, मोर, सुरई. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मला कुणी बोलावत नाही. हळद मात्र मी दुकानातून आणते आणि कागदाला फासते. कागद माझं कपाळ बघत नाही.

तुमची दुसरी गोष्ट. डाग राहिला की जीव घोटाळतो, गेलेल्याला सुटू द्यावं. तुम्ही ते मनापासून म्हणता हे मी जाणते. आई गेल्यावर तुम्हीच त्यांना वाढवलंत. तुमचा हक्क माझ्याआधीचा. पण हक्क आधीचा असला म्हणून भिंत तुमची होत नाही.

आता तुमचा हुकूम. कार्डावर शेवटी दाजींनी लिहिलं आहे, 'बजाबाईचं म्हणणं, चित्र काढ. ऐकलं नाहीस तर तुझ्या दारचं पाणी पिणार नाही.'

चित्र काढ. मी हे दोन शब्द पुन्हा पुन्हा वाचले. आपल्याकडे हा एक शब्द फार राबतो. दिवस काढले, आठवण काढली, नांदत्या बाईला घराबाहेर काढलं. खिळ्यावरून उतरवलं तरी चित्र काढलं, आणि कागदावर उमटवलं तरी काढलंच. मी थोरल्यांचं ऐकणारी आहे. कार्डावर आहे तसं करते.

सोजरा


सोलापूर
३० जानेवारी १९७८

वन्सं,

तुमच्या सांगण्याप्रमाणे चित्र काढलं. काल लावलं, पहिल्याच्या शेजारी.

तुम्ही आहात त्यात. पालथ्या डब्यावर बसलेल्या, काष्टा खोचलेला, हातात कुंचा, भिंतीकडे तोंड. अर्धी भिंत पांढरी झालेली आहे, अर्धी व्हायची आहे. कुंचा नेमका कुठं आला आहे ते बघणाऱ्याला शेजारच्या चित्रावरून कळतं.

बघणाऱ्यांना हे दुसरं जास्त आवडतं. यात माणूस आहे ना.

सोजरा


सोलापूर
७ फेब्रुवारी १९७८

दाजी,

हे पत्र तुमच्या नावानं. रविवारी वन्सं आल्या, तुम्ही आला नाहीत. गुडघा दुखतो म्हणालात म्हणे. मला वाटतं, एका शब्दाच्या घोळात तुम्हाला दोघींच्या मध्ये सापडायचं नव्हतं. गुडघ्याला शेक द्या.

वन्संनी तुम्हाला त्यांच्या बाजूनं सांगितलं असेलच. आता माझं ऐका. त्यांना समोर बसवून मोठ्यानं वाचा. चुकीचं असेल तिथं त्या अडवतील.

दुपारच्या पॅसेंजरनं उतरून त्या घरी न येता थेट वाचनालयात आल्या. काखेत पिशवी, हातात फिरकीचा तांब्या, घरून भरून आणलेला. माझ्या दारचं पाणी पिणार नाही म्हणजे नाही. चित्रांपाशी बसायची त्या दिवशी माझी आणि पार्वतम्माची पाळी होती. दारातूनच त्यांचा आवाज आला.

"कुटं हाय ती भवानी?"

मी उठून पाया पडायला गेले. त्यांनी पाय मागं घेतले.

आधी त्या स्वतःच्या चित्रापुढं गेल्या. इकडून बघितलं, तिकडून बघितलं.

"ही मी?"

"व्हय."

"पाट काडलीस माजी. तोंड न्हाय व्हय मला?"

"तोंड चांगलं आठवत होतं, वन्सं. म्हणून नाही काढलं."

पार्वतम्माला हसू आलं. तिनं पदर तोंडाला लावला. वन्संनी तिच्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा माझ्यावर आल्या. "म्या म्हनलं व्हतं काडून टाक. ह्यांनी लिवलं काढ. तुला कळलं न्हाय व्हय गं? येवडी शिकलेली तू!"

"कळलं होतं."

"कळून सवरून?"

"कळून सवरून."

"आन् कंबर येवडी रुंद व्हती व्हय माजी?"

वाचनालयाचे कारकून उठून आले. "बाई, जरा हळू. लोक वाचतायत."

"वाचा की," वन्सं म्हणाल्या. "आमी काय तुमची पुस्तकं धरून ठिवलीत?"

मग त्या पहिल्या चित्राकडे वळल्या. मी तयारीत होते, दाजी, ते सांगते. त्यांनी कागदाला हात घातला असता तर मी मध्ये उभी राहिले असते. तुमची बायको आहे, माझी थोरली नणंद आहे, तरी मी त्यांना ढकललं असतं. हे त्यांना वाचून दाखवा.

त्यांनी हात घातला नाही. आधी नुसत्या उभ्या राहिल्या. मग चपला काढल्या, तांब्या बाजूला ठेवला आणि कागदापुढं जमिनीवर बसल्या, दोन्ही गुडघे धरून, समोर कुणी बसलं आहे आणि त्याच्याशी बोलायचं आहे अशा. मला वाटलं आता रडतील. मला ते नको होतं. त्या रडल्या असत्या तर मला चित्र उतरवावं लागलं असतं.

त्या म्हणाल्या, "सोजरे, लई वर गेलंय."

"काय वर गेलंय?"

"डोस्कं." त्यांनी पंजा पसरून कागदावर ठेवला, मी काढलेल्या डागाच्या बराच खाली. "हितं. कोंडीचं डोस्कं हितं यायचं."

"वन्सं, अठरा वर्षं मी रोज बघितलंय."

"आन् म्या त्याला कडंवर घिऊन फिरलीया. आमच्या समद्या घरान्याचं पाय लांब आन् धड आखूड. आबा बसला की पोरगं बसल्यावानी दिसायचा. उबा ऱ्हायला की दाराला डोस्कं लागायचं. कोंडी तसाच."

"ते तुमच्या घरचे कोंडीबा. माझ्या घरात ते इथंच टेकायचे."

"माजं डोळं गेल्यात व्हय?"

"माझेही गेलेले नाहीत."

अशा आम्ही दोघी, दाजी, भर वाचनालयात, मेलेल्या माणसाचं डोकं कुठं येत होतं यावर भांडत होतो. पेपर वाचणारे पेपर खाली घेऊन बघत होते. कारकुनांनी नाद सोडला होता.

मग वन्सं पुढं वाकल्या. नाक कागदाला लावून त्यांनी वास घेतला. आणि डागाच्या मधून, तेलात रुतलेलं काहीतरी दोन बोटांत धरून हळूच ओढलं. ते निघत आलं, निघत आलं. हातभर लांब केस. निम्मा काळा, निम्मा पांढरा.

त्यांनी तो माझ्यापुढं धरला. "ह्यो कोंडीचा व्हय?"

पार्वतम्मा आता उघड हसली.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, काजळी आणि तेल लावून डाग काढला. तेवढं खरं आहे. कसं लावलं ते लिहिलं नव्हतं. आधी बोटानं लावून बघितलं, चिंधीनं लावून बघितलं. ते डागासारखं दिसेना, फासल्यासारखं दिसे. बोटानं काढलेला डाग आणि टेकून पडलेला डाग यांत फरक असतो, तो लगेच कळतो. मग मी तो कागद घरी समोरच्या भिंतीला लावला. गिरणीचा भोंगा झाला की डोक्याला करडईचं तेल चोपडायची, त्यात बोटभर काजळी, आणि कागदाला डोकं टेकून बसायची. चहा व्हायला लागतो तेवढा वेळ. रोज. श्रावण गेला, दसरा झाला, दिवाळी झाली. असा तो काढला.

वन्संना मी तिथंच सांगितलं. लपवण्यासारखं उरलंच काय होतं, केस त्यांच्या हातात होता.

त्यांनी विचारलं, "रोज टेकायचीस?"

"रोज."

"येकटीच?"

"मग काय मंडळ बोलावू?"

केस त्यांनी बोटाभोवती गुंडाळला, टाकला नाही. मग म्हणाल्या, आणि हे त्यांनी तुम्हाला सांगितलं नसेल म्हणून मी शब्दाला शब्द लिहिते, "म्या भिताड सारवली ती त्याचा जीव सुटावा म्हनून. त्यो सुटला गं. तूच अडकलीस."

मी म्हणाले, "अडकले नाही, वन्सं. बसले आहे. अडकलेल्या माणसाला उठता येत नाही. मी उठते, काम करते, चार पैसे आणते, वाचते, चित्र काढते. आणि मग येऊन बसते. माझ्या घरात कुठं टेकून बसायचं ते मी ठरवीन."

पार्वतम्मानं तेवढ्यात चहा आणला. माझ्या दारचं पाणी नको होतं, पार्वतम्माच्या चहाला बंदी नव्हती. बशीत ओतून त्यांनी तो प्यायला. दोन बश्या.

उठताना म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे चित्तर. पन खाली घे. त्येचं त्येच्या जागी असू दे."

"नाही घेणार."

"वीतभर खाली घ्यायला काय व्हतंय तुला?"

"नाही घेणार, वन्सं."

"मर मग," म्हणाल्या आणि तांब्या उचलून निघाल्या. स्टेशनापर्यंत मी त्यांच्या मागून गेले. त्यांनी वळून बघितलं नाही, पण रस्ता ओलांडताना दोनदा थांबल्या, मी आले की निघाल्या.

दाजी, इथवर वाचून झालं असेल तर आता वन्संना म्हणा, पुढचं तुमच्यासाठी आहे.

वन्सं, काल सकाळी मी कोपऱ्यातला चादरींचा गठ्ठा हलवला. तुम्ही चुना दिलात त्या दिवसापासून त्या भिंतीला मी काही ना काही लावून ठेवत आले. एक गठ्ठा गेला की दुसरा. पांढरं बघवत नव्हतं. तुमचं बोलणं रात्रभर डोक्यात होतं, म्हणून दार सताड उघडलं, ऊन आत घेतलं आणि गठ्ठा ओढला.

तुमच्या चुन्यातून तेल वर आलं आहे. पिवळट आहे, कडा धरता येत नाही, पण आहे. गेल्या पावसाळ्यात वर आलं असणार. मी तिथं पाठ लावून बसले आणि डोक्यामागं हात नेऊन चाचपलं. ते माझ्या डोक्याशी नाही. मानेच्याही खाली आहे. तुम्ही पंजा ठेवला होतात तिथं.

तुमचं बरोबर निघालं. मी अठरा वर्षं त्यांच्याकडे उभ्यानं बघत आले. चहा देताना, पाणी भरताना, कधी शेजारी बसले नाही. तुम्ही त्यांच्याशी जमिनीवर बसून खेळलेल्या आहात. तुमच्या डोळ्यांना ती उंची ठाऊक असणारच.

त्यामुळे आता मला पक्कं कळलं. कागदावरचं डोकं त्यांचं नाही. ते माझं आहे. गिरणीच्या भोंग्यानंतर जी बाई तिथं बसली, तिचं. आणि म्हणूनच मी ते खाली घेणार नाही, आता तर मुळीच नाही. सरांना सांगून आले. खालच्या पट्टीवर 'कोंडीबाची जागा' असं लिहिलं होतं, ते खोडून 'सोजराची जागा' लिहिलं. सर म्हणाले, "मधेच नाव बदलता काय हो?" मी म्हटलं, हो.

त्यांचा डाग घरी आहे. गठ्ठा मी दुसरीकडे नेला आहे. तो बघायचा असेल तर या, आणि पाण्याचा तांब्या तुमचा तुम्ही आणा, माझं काही म्हणणं नाही. चुना घेऊन आलात तर मात्र मी दारातच बसेन.

सोजरा